हॉट रॉडचा आकार कुठून आला?

प्रश्न असा आहे: "आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस पाहिली, तेव्हापासून अमेरिकेतल्या जुन्या हॉट रॉडचे फोटो बघतोय. छप्पर कापलेलं, मडगार्ड काढलेले, बॉनेट गायब, पुढची चाकं बारीक आणि मागची जाड. हे सगळं दिसण्यासाठी केलेलं की कामासाठी? आणि शर्यत पाव मैलाचीच का?"

कामासाठी. हॉट रॉड म्हणजे जुनी स्वस्त गाडी हलकी करून आणि तिचं इंजिन सुधारून वेगासाठी घडवलेली, आणि ड्रॅग रेस म्हणजे थांबलेल्या जागेवरून सुटून सरळ रेषेत पळायची शर्यत. निदान पहिली वीस-पंचवीस वर्षं जवळजवळ प्रत्येक काप आणि काढून टाकलेला प्रत्येक तुकडा कामासाठीच होता. ते काम कोणतं, हे ठरवलं जमिनीने. आधी या गाड्या पळाल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर, जिथे नजर पोचेल तिथवर सपाट जागा होती. नंतर त्या पळाल्या विमानांच्या धावपट्ट्यांवर, जिथे जागा मोजकी होती आणि शेवटी कुंपण होतं. तळ्याने एक गाडी घडवली, धावपट्टीने दुसरी. तुमच्याकडच्या फोटोंत या दोन्ही मिसळल्या असणार, म्हणून कोडं पडतं.

माझा हात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसला. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात आलो आणि आयुष्य जुन्या फोर्ड इंजिनांच्या बोरिंग-ग्राइंडिंगमध्ये गेलं. सुरुवातीच्या काळात माझ्या शॉपमध्ये येणारी गिऱ्हाइकं म्हणजे हेच लोक होते: साठी-सत्तरीतले, तरुणपणी तळ्यांवर आणि धावपट्ट्यांवर पळलेले. ब्लॉक मशीनवर चढेपर्यंत ते तिथेच बसून बोलत असत. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंच त्यांच्याकडून ऐकलेलं आणि त्यांच्याच इंजिनांवर हाताने पडताळलेलं आहे.

सुरुवात फोर्डपासून करावी लागते, कारण फोर्ड स्वस्त होती आणि भंगारात ढिगाने मिळत होती. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघाली. इंजिन चार सिलिंडरचं, २० अश्वशक्तीचं. १९२८ला मॉडेल ए आली, तिची अश्वशक्ती ४०. कॅलिफोर्नियात पाऊस कमी आणि रस्त्यावर मीठ टाकायची गरज नाही, त्यामुळे जुन्या गाडीचा पत्रा गंजत नाही. दहा वर्षांची टी किंवा ए एखाद्या पोराला खिशातल्या पैशात मिळायची. त्यात उघडी टूसीटर, म्हणजे रोडस्टर, सगळ्यात हलकी, म्हणून तिलाच मागणी.

मग १९३२च्या मार्चमध्ये हेन्री फोर्डने व्ही-एट बाहेर काढली. आठ सिलिंडर, २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती, आणि रोडस्टरची किंमत पाचशे डॉलरच्या आत. त्याआधी व्ही-एट ही श्रीमंतांची गोष्ट होती, कारण सिलिंडरचे दोन ब्लॉक वेगळे ओतून क्रँककेसवर बोल्टने बसवावे लागत. फोर्डने सगळं एकाच ओतकामात आणलं. ज्याने फाउंड्री पाहिली आहे त्याला कळेल हे किती अवघड काम होतं. आतले गाभे जरा हलले की भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. आजही मी असा ब्लॉक बोअर करण्याआधी भिंतीची जाडी तपासल्याशिवाय हत्यार लावत नाही. पण फोर्डने ते लाखोंच्या संख्येने जमवलं, आणि आठ सिलिंडरचं इंजिन कामगाराच्या पोराच्या हाती आलं. हॉट रॉडची सगळी गोष्ट या एका ओतकामावर उभी आहे असं मी मानतो.

१९३२ची चासी आजही सगळ्यात जास्त मागितली जाते, तिला लोक 'ड्यूस' म्हणतात. बाजूच्या पट्ट्यांवर मुळातच सुंदर घडी आहे, त्यामुळे मडगार्ड आणि पायऱ्या काढल्या तरी गाडी उघडीबोडकी दिसत नाही. पण जाणकार पोरं त्या चासीवर १९२९ची ए रोडस्टरची बॉडी बसवायची, कारण ती अरुंद आणि हलकी होती.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की मोहावीचं वाळवंट लागतं. तिथे म्युरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज ही तळी आहेत. हिवाळ्यातल्या पावसाने त्यात थोडं पाणी साचतं, उन्हाळ्यात ते आटून गाळाचा टणक, सपाट पृष्ठभाग तयार होतो. पोरं शनिवारी संध्याकाळी घरून निघायची, तळ्यावरच गाडीशेजारी झोपायची आणि उजाडताच पळायची. पहाटेची हवा थंड, म्हणजे दाट. इंजिनाला जास्त प्राणवायू मिळतो. शिवाय दुपारी वारा सुटतो आणि धुरळ्यात काही दिसत नाही. मडगार्ड, दिवे, काच, बंपर तिथेच उतरवून ठेवायचे आणि शर्यत झाली की परत चढवून सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचं. मडगार्ड काढण्याची रीत इथून आली.

सुरुवातीला पाच-सहा गाड्या एका रांगेत एकदम सुटायच्या. पुढच्याची धूळ मागच्याच्या डोळ्यांत, आणि त्या धुळीत अपघात व्हायचे, माणसं मरायची. म्हणून १९३७मध्ये क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षापासून तिच्या शर्यती सुरू झाल्या. नियम आले, गाड्यांची तपासणी आली, वेळ मोजण्याची पद्धत बसली, आणि पुढे एकेका गाडीने एकटी पळायचं ठरलं. प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लागला. माझ्या मते या घड्याळाने या छंदाला कारागिरीची शिस्त लावली. रस्त्यावर तुम्ही कोणाला मागे टाकलं याच्या बढाया मारता येतात, पण छापील आकड्यापुढे बढाई चालत नाही. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलला, ताशी तीन मैल वाढले. कार्बोरेटर बदलला, दोन मैल गेले. शिकण्याची याहून प्रामाणिक शाळा मला माहीत नाही.

तळ्यावर पिकअपला फार किंमत नव्हती. धावायला मैलभर जागा असेल तर सावकाश वेग धरला तरी चालतो. शेवटी किती वेग गाठला एवढंच मोजलं जातं. तिथे शत्रू एकच, हवा. मागे मोठं चाक लावलं की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे गिअर आपोआप लांब होतो. पुढे लहान चाक लावलं की नाक खाली झुकतं आणि हवा गाडीखाली कमी शिरते. बंद गाडीचं छप्पर तीन-चार इंच कापून बसकं केलं की समोरचं क्षेत्रफळ घटतं. बॉडी चासीवर ठेवण्याऐवजी चासीच्या भोवती खाली उतरवली की तोच फायदा. तुम्ही फोटोत पाहता ती पुढे लहान, मागे मोठी चाकं पहिल्यांदा अशी आली.

हवा कापण्याचा विचार टोकाला गेला तो युद्धानंतर. बिल बर्क नावाच्या रेसरने युद्धात पॅसिफिकमध्ये असताना लढाऊ विमानांच्या पंखाखाली लावायच्या जादा इंधनाच्या टाक्या पाहिल्या. थेंबासारखा आकार, पातळ पत्रा, आणि युद्ध संपल्यावर सरकारी भंगारात कवडीमोल. १९४६मध्ये त्याने तसल्या टाकीतच चासी, इंजिन आणि माणूस बसवून गाडी केली. पुढे पी-३८ विमानाची मोठी टाकी वापरात आली आणि माणूस पुढे, इंजिन मागे अशी मांडणी झाली. बरबँकच्या सो-कॅल स्पीड शॉपवाल्या अ‍ॅलेक्स झायडियसची तशी गाडी १९५२मध्ये युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी जवळपास २०० मैल पळाली. इंजिन साध्या फोर्ड व्ही-एटवरून केलेलं.

युद्धाने आणखी एक मोठी गोष्ट दिली: हात. बरबँकमध्ये लॉकहीड, सांता मोनिकात डग्लस अशा विमान कारखान्यांत हजारो माणसं टर्नर, फिटर, वेल्डर म्हणून तयार झाली. सैन्यातून परतलेल्यांनी विमानांची इंजिनं उघडली-बसवली होती. अ‍ॅल्युमिनियम कसं ओतायचं, हजारांश इंचाची मापं कशी धरायची हे त्यांना ठाऊक होतं. विक एडलब्रॉकने युद्धाआधीच, १९३८ला, दोन कार्बोरेटरचा 'स्लिंगशॉट' मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्या) काढला होता आणि स्वतःच्या १९३२च्या रोडस्टरवर तळ्यावर तपासला होता. १९४१मध्ये तीच गाडी रोझामंडवर ताशी १२१ मैलांनी पळाली. एड इस्केंडेरियनने युद्धानंतर जुन्या ग्राइंडिंग मशीनमध्ये फेरबदल करून कॅम घासायला सुरुवात केली. त्याला ही विद्या मिळाली एड विनफील्डच्या कामातून, जो कॅम आणि कार्बोरेटरमधला या सगळ्यांचा गुरू. स्टू हिलबॉर्नने सतत वाहणाऱ्या पंपाचं फ्युएल इंजेक्शन तयार केलं आणि १९४८मध्ये त्याच्या गाडीने तळ्यावर ताशी १५० मैलांची सीमा ओलांडली. एकेकाचं दुकान आजच्या साध्या गॅरेजएवढं होतं, आणि मोठ्या कंपन्यांनी नंतर जे स्वीकारलं त्यातलं बरंच त्या दुकानांत आधी करून पाहिलेलं होतं.

आता इंजिन. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण फोर्डचं ते व्ही-एट 'फ्लॅटहेड' जातीचं होतं, आणि फ्लॅटहेड समजलं नाही तर या लोकांनी काय साधलं ते कळत नाही.

फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ते सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात. वरचं हेड म्हणजे फक्त झाकण. स्वस्त, आटोपशीर, दुरुस्तीला सोपं. पण वायूला वर येऊन, वळून, पुन्हा खाली सिलिंडरमध्ये जावं लागतं. कॉम्प्रेशन, म्हणजे जळण्याआधी मिश्रण किती दाबलं जातं ते, वाढवायला हेड घासून खाली आणलं की व्हॉल्व्हपासून सिलिंडरकडे जायची वाटच अरुंद होते. वाट मोकळी करायला ब्लॉकचा तेवढा भाग खरवडला, याला 'रिलीव्ह' करणं म्हणतात, की कॉम्प्रेशन पडतं. एक कमावलं की दुसरं जातं. चांगला बिल्डर म्हणजे ज्याला या दोघांमधला मधला बिंदू सापडला तो. तो प्रत्येक इंजिनात, प्रत्येक कामासाठी वेगळा असतो. रोज चालवायच्या गाडीचं इंजिन रिलीव्ह करू नका असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. पेट्रोलवर आणि माफक फेऱ्यांवर कॉम्प्रेशन जास्त उपयोगी पडतं. सुपरचार्जर लावणार असाल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे हवा दाबानेच आत ढकलली जाते.

दुसरी अडचण एक्झॉस्टची. एका बाजूला चार सिलिंडर, पण धूर बाहेर पडायला तोंडं तीनच. मधल्या दोन सिलिंडरांना एकच सामाईक. शिवाय तो जळका वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत बाहेर येतो. म्हणजे रेडिएटरला इंजिनाची उष्णता सोसायचीच, वर एक्झॉस्टचीही. म्हणून या गाड्या तापतात, आणि म्हणूनच व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे जाणारा तडा ही या ब्लॉकची ठरलेली व्याधी. बॉनेटच्या बाजू काढण्यामागचं एक कारण हे: गरम हवा बाहेर पडायला वाट हवी.

तुमच्या हाती कधी असा ब्लॉक आला तर पैसे देण्याआधी तडा तपासून घ्या. चुंबकीय पावडरची तपासणी करा, मग पाण्याच्या वाटा बंद करून दाबाची. त्याआधी जॅकेट आतून साफ करा, कारण आत ओतकामाच्या गाभ्यातली वाळू आणि तारांचे तुकडे कारखान्यातून निघाल्यापासून अडकलेले असतात. लोक मोठा रेडिएटर लावतात, पंखा बदलतात, आणि वाळू आतच राहते.

या मर्यादांमधून त्या लोकांनी काय काढलं ते पाहा. स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर, आतल्या अरुंद गळ्याचं, म्हणजे व्हेंचुरीचं, माप ०.९७ इंच म्हणून ते नाव, दोन किंवा तीन, पुढे चार. फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचा चार इंच स्ट्रोकचा (पिस्टन वर-खाली जाण्याचं अंतर) क्रँक आला तो १९४९मध्ये. तो बसवून, वर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवून मूळच्या २३९ घन इंचांवरून काही जण पावणेतीनशेच्या पुढे गेले. बोअर ३ ३/८ इंच आणि स्ट्रोक ४ १/८ इंच केला की साधारण २९५ घन इंच होतात, आणि ही त्या काळच्या मोठ्या फ्लॅटहेडची ठरलेली मापं होती. झोरा आर्कस-डंटॉव याने तर याच ब्लॉकवर बसतील अशी ओव्हरहेड व्हॉल्व्हची अ‍ॅल्युमिनियम हेड काढली, 'आर्डन' नावाची. तोच माणूस पुढे शेवरोलेत जाऊन कॉर्व्हेटचा आधारस्तंभ झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पाव मैल. तळी दूर होती आणि वर्षातून मोजक्याच वेळा शर्यती व्हायच्या. म्युरॉक तर सैन्याने घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. मग उरलेल्या रात्री पोरं शहरातल्या सरळ रस्त्यांवर, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळायची. त्यात स्वतः मेली आणि रस्त्यावरची निरपराध माणसंही मेली. हा भाग लोक गोड करून सांगतात, मी सांगणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेकांचा कोणी ना कोणी मित्र त्या रस्त्यांवर गेलेला होता. वर्तमानपत्रं हॉट रॉडवाल्यांना गुंड म्हणून रंगवत होती, आणि त्या बातम्यांना आधार नव्हता असं नाही.

उपाय म्हणून जागा शोधल्या गेल्या, आणि सरळ, पक्की, गुळगुळीत जागा म्हणजे विमानांची धावपट्टी. युद्धानंतर अशा पट्ट्या ठिकठिकाणी पडून होत्या. १९४९च्या एप्रिलमध्ये सांता बार्बराजवळ गोलेटाच्या विमानतळालगत फ्रॅन हर्नांडेझ आणि टॉम कॉब्स यांची गाजलेली शर्यत झाली. कॉब्सच्या ए रोडस्टरच्या इंजिनावर सुपरचार्जर. हर्नांडेझच्या १९३२च्या कूपेच्या, म्हणजे छप्पर असलेल्या बंद गाडीच्या, टाकीत नायट्रोमिथेन मिसळलेलं इंधन (त्याबद्दल पुढे सांगतो). जिंकला हर्नांडेझ. पुढच्या वर्षी, १९५०च्या उन्हाळ्यात, सी. जे. हार्ट आणि त्याच्या दोन साथीदारांनी ऑरेंज काउंटीच्या विमानतळावर सांता अ‍ॅना ड्रॅग्ज सुरू केलं. दर रविवारी, तिकीट पन्नास सेंट, घड्याळ आणि नियम. नियमितपणे चालणारी पहिली व्यावसायिक ड्रॅग पट्टी म्हणून तिचीच नोंद होते. ती १९५९पर्यंत चालली. त्याच जागी आज जॉन वेन विमानतळ आहे. हार्टची पत्नी पेगी तिथे स्वतः पळायची आणि पुरुषांना हरवायची. बायका या खेळात नव्याने आल्या असं कोणाला वाटत असेल तर हेही सांगतो की, त्याआधी व्हेडा ऑर तळ्यांवर पळत होती, आणि युद्धात सैन्यात गेलेल्या रेसर पोरांना बातमीपत्र पाठवून तिने हा गोतावळा जोडून ठेवला.

धावपट्टीवर जेवढी जागा पळायला वापराल त्याहून जास्त थांबायला ठेवावी लागते, तीही त्या काळच्या ब्रेकवर. फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक मिळाले तेच मुळी १९३९मध्ये. पाव मैल, म्हणजे १३२० फूट, साधारण ४०२ मीटर, हे अंतर अशा पट्टीवर बसतं. गाडीची ताकद दिसायला ते पुरेसं लांब आहे आणि थांबायला पुढे जागा उरते. एकदा घड्याळं त्या अंतरावर बसली, आकडे छापले जाऊ लागले, की बदलणं अशक्य. आदल्या वर्षीच्या आकड्याशी तुलनाच तुटली असती.

आणि इथे गाडी बदलली. तळ्यावर हवा शत्रू होती, पट्टीवर वजन आणि पकड. सुरुवात थांबलेल्या जागेवरून. पहिल्या शंभर फुटांत मागची चाकं जमीन धरतात की जागेवर फिरतात, तिथेच शर्यत ठरते. हवा कापणारी सुबक बॉडी आता नुसतं ओझं. सांता अ‍ॅनावर डिक क्राफ्टने १९५०मध्येच बॉडी जवळजवळ सगळी काढून टाकली. चासी, इंजिन, चाकं आणि बसायला जागा, बाकी काही नाही. ड्रॅगस्टरची सुरुवात तिथून मानतात. पुढची चाकं आता बारीक झाली ती वजन कमी करायला, आणि मागची रुंद झाली ती पकडीसाठी. तळ्यावरच्या गाडीसारखंच दिसणारं रूप, पण कारण पूर्ण वेगळं. टायरवर नक्षीच नको, गुळगुळीत मऊ रबर हवं, हे कळल्यावर रिट्रेड करणाऱ्यांनी खास टायर बनवायला घेतले.

वजन मागे न्यायचं म्हणून इंजिन मागे सरकलं, आणि इंजिन मागे सरकलं तसा चालकही. १९५४च्या सुमारास मिकी थॉम्पसनने चालकाला मागच्या एक्सलच्याही मागे बसवलं. या रचनेचं श्रेय त्यालाच देतात. चालक गोफणीतल्या दगडासारखा अगदी शेवटी, म्हणून तिलाही नाव पडलं स्लिंगशॉट. डिफरेन्शियल दोन मांड्यांच्या मधे, समोर सुपरचार्जर, क्लच पायांजवळ. काही बिघडलं तर सगळं अंगावर. ते वीस-बावीस वर्षांचे मुलगे चामडी जॅकेट घालून त्यात बसायचे.

सुपरचार्जर कुठला? जनरल मोटर्सच्या ६-७१ डिझेल इंजिनाचा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. ते टू-स्ट्रोक डिझेल, त्याला सिलिंडर धुऊन काढायला हवेचा ब्लोअर लागतोच. युद्धात ही इंजिनं टँकमध्ये आणि सैन्य उतरवायच्या बोटींत वापरली गेली, नंतर ट्रक-बसमध्ये. ब्लोअर भंगारात मिळायचा. पोरांनी तो क्रायस्लरच्या १९५१पासून निघालेल्या हेमी इंजिनावर पट्ट्याने फिरवला, आणि फ्लॅटहेडची सद्दी संपत आली. १९५३ नंतर अमेरिकेत फोर्डनेही ते बंद केलं. १९५५ला शेवरोलेचं २६५ घन इंचांचं व्ही-एट आलं. हलकं, स्वस्त, ओव्हरहेड व्हॉल्व्हचं. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी काहींनी ते वर्ष सांगताना आवाज खाली आणलेला मी ऐकलाय. वर्षानुवर्षं जिवापाड जमवलेलं फ्लॅटहेड आणि कारखान्यातून आलेलं कोरं इंजिन त्याला पहिल्याच रविवारी मागे टाकतं.

नायट्रोमिथेनबद्दल नेहमी चुकीचं लिहिलं जातं, म्हणून स्पष्ट सांगतो. किलोमागे त्यात पेट्रोलच्या जेमतेम पाव हिश्शाएवढी ऊर्जा आहे. पण त्याच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग प्राणवायूच आहे. एक किलो पेट्रोल जाळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते. एक किलो नायट्रोला फक्त १.७ किलो. इंजिनात हवा किती शिरते हे सिलिंडरच्या मापाने ठरतं, तेव्हा तेवढ्याच हवेत तुम्ही आठपट-नऊपट इंधन घालू शकता, आणि हिशेब केला तर ताकद दुपटीच्या वर जाते. म्हणूनच नायट्रोच्या गाडीचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी भोकं, बघितले की नवशिक्याला ते चुकून मोठे पाडलेत असं वाटतं. मिश्रण जरा पातळ झालं की पिस्टन वितळतो. फार जाड झालं की सिलिंडरमध्ये द्रव साचून कनेक्टिंग रॉड वाकतो, किंवा हेडच उडतं.

१९५७च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या लायन्स नावाच्या ड्रॅग पट्टीवर एमरी कुकने ताशी १६६ मैलांच्या पुढे वेग गाठला. वेग पट्ट्यांच्या लांबीला पेलेनासे झाले, आणि नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने नायट्रोवर बंदी घातली. ही संस्था वॉली पार्क्सने १९५१मध्ये काढली होती. रस्त्यावरची पोरं सुरक्षित जागी आणायची, पोलिसांशी भांडण्याऐवजी त्यांना सोबत घ्यायचं, हा त्याचा विचार. १९५३च्या एप्रिलमध्ये पोमोनाच्या जत्रेच्या मैदानावर संस्थेची पहिली अधिकृत शर्यत झाली ती पोमोना पोलिसांच्या पाठिंब्यानेच. नंतर चार माणसं एक ट्रेलर घेऊन देशभर फिरली आणि गावोगावच्या क्लबांना पट्टी कशी आखायची, गाडी कशी तपासायची ते शिकवलं. किती जीव वाचले असतील त्याने! नायट्रोच्या बंदीबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. संस्थेबाहेरच्या पट्ट्यांवर नायट्रो चालूच राहिलं, म्हणजे सगळ्यात वेगवान गाड्या नेमक्या तिच्या नियमांबाहेर पळत राहिल्या. १९६३ला बंदी मागे घ्यावी लागली.

या बंदीच्या काळातच फ्लोरिडाचा डॉन गार्लिट्स मोठा झाला. १९५७मध्ये त्याने ब्रुक्सव्हिलला १७६.४० मैल नोंदवले, तेव्हा कॅलिफोर्नियावाल्यांना ते खरंच वाटेना. १९५९ला बेकर्सफील्डजवळच्या फामोसोत त्याला बोलावलं गेलं. तिथली ती पहिली मोठी स्पर्धा आर्ट क्रिसमनने जिंकली. १९६४ला न्यू जर्सीत गार्लिट्सने २०१.३४ मैल गाठले. १९७०च्या मार्चमध्ये लायन्सवर त्याच्या स्लिंगशॉटचा गिअरबॉक्स सुटताना फुटला आणि त्याच्या उजव्या पायाच्या पंजाचा भाग तुटून गेला. इस्पितळातून त्याने चालक पुढे आणि इंजिन मागे अशी गाडी मनात आखली, आणि पुढच्या वर्षी तिने जिंकायला सुरुवात केली. थोड्याच वर्षांत स्लिंगशॉट पट्टीवरून नाहीशी झाली.

तुम्हाला हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर पोमोनात वॉली पार्क्सच्या नावाचं संग्रहालय आहे, त्याच जत्रेच्या मैदानात. पण मी तुम्हाला एल मिराजला जायला सांगेन. तळ्यांवरची ती जुनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन तिथे आजही शर्यती घेते, तळं कोरडं असेल तर. पाणी, टोपी आणि धुळीसाठी रुमाल न्या, पहाटेच पोचा, कारण अजूनही चांगले आकडे उन्हं चढण्याआधीच निघतात. एखाद्याच्या फ्लॅटहेडजवळ उभे राहा आणि ब्लॉक रिलीव्ह केलाय का ते विचारा. मालक हातातलं काम बाजूला ठेवून तुम्हाला सगळं दाखवेल.